सहकारी संस्थांतील सेवक आणि न्यायाचे दार

(बिबवेवाडी, पुणे येथे कृषी सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेले भाषण)



आपण जमलो आहोत त्या बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. शेतमाल तेथे येतो; पीककर्ज मात्र गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेमार्फत मिळते. दोन्हीकडे वह्या लिहिणारा माणूस सारखाच दिसला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो सारखा नाही. बाजार समित्यांचा अधिनियम 1963 चा आणि निराळा. सहकारी संस्था ही सभासदांची. एकीचे सेवानियम दुसरीला आपोआप लागू होत नाहीत.

सहकारी संस्थेतील सेवकाचा पगार थकला, की पुष्कळजण 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम 91 उघडतात. संस्थेचे व्यवस्थापन वा कामकाज यांविषयीचा वाद सहकार न्यायालयाकडे नेण्याची तरतूद त्यात आहे आणि पक्षकारांत सेवकाचाही उल्लेख आहे. त्यावरून सेवेचा प्रत्येक वाद तेथे चालतो, असा समज रूढ झाला. वास्तविक औद्योगिक विवाद त्याच कलमाने वगळले आहेत. पुढे 2017 मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी गृहनिर्माण वित्त महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सेवक व संस्था यांमधील सेवाविषयक वाद या कलमाखाली येत नाही. सेवक कायद्याच्या व्याख्येनुसार कामगार असेल, तर त्याने कामगार कायद्याखालील न्यायालयाकडे जावे. व्यवस्थापकीय पदावरील सेवकाला दिवाणी न्यायालय उरते, आणि तेथे सामान्यतः नुकसानभरपाई मिळते, नोकरी परत मिळत नाही. थकीत वेतनाच्या दाव्याची मुदत 3 वर्षांची आहे. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालविलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 अन्वये वजा होऊ शकतो. पण तेवढ्या वर्षांचा घरखर्च कोण वजा करणार?

गटसचिवांची अडचण याहून गुंतागुंतीची. एकाच गटसचिवाकडे अनेक गावांच्या संस्था असतात. नेमणूक व बदली जिल्हा पातळीवरून होई, काम गावात चाले आणि वेतनाचा निधी संस्थांच्या वर्गणीतून उभा राही. वसुली खुंटली की वर्गणी थकते. वर्गणी थकली की पगार थकतो. अवर्षणाच्या वर्षी वसुली होत नाही, यात गटसचिवाचा दोष कोणता? तरीही तो वेतन मागू लागला, की त्याचा मालक कोण, येथूनच वादाला प्रारंभ होतो.

नेमणुकांबाबत न्यायालयांची भूमिका कडक आहे. तामिळनाडूतील सहकारी संस्थांत नियम डावलून झालेल्या नेमणुका केवळ सेवेची वर्षे भरली म्हणून नियमित करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये उमाराणी प्रकरणात म्हटले. तत्त्वतः हे योग्यच. परंतु ज्या संचालकांनी नातलगांची वा मर्जीतल्यांची भरती केली, ते पुढील निवडणुकीनंतर मोकळे होतात आणि भोगतो तो एकटा सेवक, हे मला न्याय्य वाटत नाही. अशा भरतीने संस्थेला झालेल्या हानीची जबाबदारी निश्चित करण्यासाठी त्याच अधिनियमात कलम 88 आहे. निबंधकांनी त्याचा उपयोग करावा.

आपापल्या संस्थेत परतल्यावर प्रत्येक सेवकाची फाईल मागवा. मंजूर आकृतिबंधात ते पद आहे काय, जाहिरात निघाली होती काय, ठराव इतिवृत्तात नोंदविला आहे काय, आणि पगार कोणी द्यावयाचा हे नियुक्तिपत्रात लिहिले आहे काय, एवढे पाहा. शेवटची नोंद नसेल, तर येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय घ्या.