थकलेली मान आणि उभ्या शरीराचा तोल
(वार्षिक सभेत फिजिओथेरपी विभागाच्या वतीने दिलेले व्याख्यान)



आमच्या विभागाचा विषय निघाला की गुडघा, कंबर आणि पक्षाघात यांचा उल्लेख होतो. आज मी मानेविषयी बोलणार आहे. तिच्या दुखण्याविषयी नव्हे, तर तोलाविषयी.

स्थिर उभा दिसणारा मनुष्यही किंचित डोलत असतो. हे डोलणे आवरण्यासाठी डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे मेंदूला अखंड वर्दी देत असतात. कवटीच्या तळाशी असलेल्या लहान स्नायूंत ताण ओळखणारे संवेदक विशेष दाटीने असतात. अंतर्कर्णाला डोक्याची स्थिती कळते. परंतु केवळ डोके कलले की सारे शरीर, हा निवाडा मानेच्या वर्दीवाचून होत नाही.

हे स्नायू थकले की वर्दी बिघडते. २००३ साली इटलीतील संशोधकांनी निरोगी व्यक्तींच्या मानेच्या मागील स्नायूंना सलग ताण देऊन त्यांचे डोलणे मोजले. ते वाढलेले आढळले; डोळे मिटलेले असताना विशेष, आणि डोळे उघडे असताना फारच थोडे.

तो ताण काही मिनिटांचा होता. आपल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत तो दिवसभराचा असतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, पुढे डिपिंग आणि मण्यांची विरळणी, ही सारी कामे मांडवाखाली हात वर आणि मान मागे टाकून होतात. साडेचार-पाच किलो वजनाचे डोके तासन्‌तास तसेच तोलून धरावे लागते. पेठ-सुरगाण्याहून टोळीने येणाऱ्या भगिनींपैकी ज्यांची उंची कमी, त्यांची मान अधिकच मागे जाते.

विशीत शरीर हे सोसते. पंचेचाळिशीनंतर तळपायाची संवेदना, विशेषतः मधुमेह असल्यास, मंदावू लागते आणि सारी भिस्त डोळ्यांवर येते. म्हणूनच बागेत दिवस निभावतो. धोका असतो तो दिवेलागणीला : अंधुक उजेडात ट्रॉलीतून उतरताना, बांधावरून चालताना, किंवा न्हाणीघरात डोळे मिटून तोंडाचा साबण धुताना. मनगट मोडते, प्लास्टर होते, आणि घरची मंडळी म्हणतात, "उपाशी होती, भोवळ आली." दिवसभर मान कुठे होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न डॉक्टरांपुढे आपणच काढावा, अशी नातेवाइकांना माझी विनंती आहे.

अर्थात प्रत्येक भोवळीचे खापर मानेवर फोडू नये. बोलणे अडखळले, एका बाजूची शक्ती गेली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर मानेला शेक देत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

थकव्याचा हा परिणाम विश्रांतीने ओसरतो, ही त्यातील दिलाशाची बाब. या सभेत अनेक बागायतदार देणगीदार उपस्थित आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच की, विरळणीच्या मधून मधून खाली पाहून करावयाचे काम द्यावे. काम सुटल्यावर ट्रॉलीत चढण्यापूर्वी मजुरांना थोडा वेळ डोके टेकून बसू द्यावे. आणि या हंगामापूर्वी ट्रॉलीच्या मागे एक पक्की पायरी व एक दिवा बसवून घ्यावा.