पाळी चुकल्यापासूनचे दिवस



डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एखाद्या पोरीला लग्नाआधी दिवस गेले, तर शहरातल्या घरांसारखा गहजब सहसा होत नाही. वारली समाजात पुष्कळ जोडपी आधी एकत्र राहायला लागतात, संसार मांडतात, आणि गाठीला पैसा जमला की विधी करणाऱ्या धवलेरीला बोलावून लग्न लावतात. आईबाप आणि मुलगा यांची लग्नं एकाच मांडवात लागल्याचंही इथे ऐकायला मिळतं. तेव्हा मूल कधी आलं, याला फारसा दोष नाही. अडतं ते दुसरीकडे. "हे मूल मला आत्ता नको" हे शब्द बाईच्या तोंडून बाहेर पडत नाहीत.

त्याला कारणही आहे. जन्मलेलं प्रत्येक मूल जगेल याची खात्री या डोंगरपट्ट्याला फार काळ नव्हती. शेजारच्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला, १९९२ साली कुपोषणाने मुलं दगावली, ते विसरायला अजून दोन पिढ्याही उलटलेल्या नाहीत. जिथे पोर हातून जाण्याची धास्ती असते, तिथे आलेलं पोर नाकारणं लोकांना देवाचं देणं परत केल्यासारखं वाटतं.

म्हणून बाई गप्प बसते. पहिला महिना अशक्तपणाच्या नावावर जातो. अंगात रक्त कमी, पाळी पुढेमागे होतेच, असं ती स्वतःला समजावते. मग कच्ची पपई, कुणी सांगितलेला काढा, भगताची मुळी. झाडपाल्याने गर्भ पडेलच असं नाही, पण बाईच्या जिवाला अपाय होऊ शकतो. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर गेलेलं असेल, तर तिथे ओळखीची आशाताईही नाही. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत चौथा महिना लागलेला असतो. या विषयात खरं नुकसान हेच आहे. ज्या गर्भपाताला आठव्या आठवड्यात गोळ्या पुरल्या असत्या, त्याला सोळाव्या आठवड्यात मोठं रुग्णालय लागतं.

गोळ्यांचं नीट ऐकून घ्या. एका पाकिटात पाच गोळ्या असतात. आधी एक, मिफेप्रिस्टोनची; मग एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार. नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरने तपासून दिल्या, तर उपाय भरवशाचा आहे. पण नवरा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पाकीट आणतो, आणि बाई पाचही गोळ्या एकदम गिळते किंवा तिसरा महिना उलटल्यावर घेते. गर्भ नळीत असेल, तर या गोळ्यांचा उपयोगच नाही, उलट जिवाशी गाठ. तासाला दोन पॅड भिजत असतील आणि हे सलग दोन तास चाललं असेल, तर रात्र असो की पाऊस, कासा किंवा डहाणूचं रुग्णालय गाठा, नाहीतर सिल्वासाचं. आणि गोळ्या घेतल्याचं डॉक्टरांना सांगा. लपवलंत, तर उपचार चुकतील.

आता कायदा. गर्भपात हा गुन्हा, अशी समजूत गावोगाव आहे, आणि तिला आपल्या सरकारी पाट्यांनीही थोडा हातभार लावलाय. सोनोग्राफीच्या दारात "गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे" असं लिहिलेलं असतं. वाचणारा घाईत फक्त "गर्भ" आणि "गुन्हा" एवढंच वाचतो. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हाच. पण वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ पासून आहे. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कार झालेली स्त्री, अल्पवयीन मुलगी, अशा काहींना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, मात्र दोन डॉक्टरांच्या मताने. गर्भनिरोधक फसलं तर पूर्वी कायद्यात फक्त विवाहित बाई आणि तिच्या पतीचा उल्लेख होता. आता कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार असं आहे. मांडव न घालता दहा वर्षं संसार करणाऱ्या वारली जोडप्याचा विचार कायद्याला पन्नास वर्षांनी का होईना, सुचला म्हणायचा. बाई सज्ञान असेल, तर संमती तिची एकटीची. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. कुणी मागितली, तर कुठे लिहिलंय ते दाखवा, असं जरूर विचारा.

मुलगी अठराच्या आतली असेल, तर पालकाची संमती लागते आणि मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. या धास्तीनेच पोरी भोंदूंच्या हाती जातात. पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने तिचं नाव पोलिसांना देण्याची गरज नाही.

मुळात ही वेळ येऊ नये, यासाठीची साधनं प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. तांबीबद्दल "वर चढून काळजाला लागते" असं बोललं जातं. ती गर्भाशयाच्या पिशवीत बसते, तिला काळजाकडे जायला वाटच नाही. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यायचं. त्याने पाळी थांबली की "रक्त आत साठतंय" म्हणून बायका ते सोडतात. रक्त साठत नाही, ते तयारच होत नाही. भट्टीवर असताना तारीख हुकली, तर चार आठवड्यांपर्यंत पुढचा डोस घेता येतो. म्हणून अंतराचं कार्ड कपड्यांच्या बोचक्यात ठेवा, घरी नको. छाया गोळीत हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्याला दोन, मग एक.

आणि पुरुष? देशाच्या २०१९-२१ च्या पाहणीत शंभरातल्या जवळजवळ ३८ विवाहित स्त्रियांनी ऑपरेशन केलेलं आहे. पुरुष नसबंदीचा आकडा शंभरात एकसुद्धा भरत नाही, ०.३ आहे. आणीबाणीतल्या जबरदस्तीची भीती घरोघर मुरली, हे खरं. पण "नसबंदीनंतर ताडावर चढता येत नाही, बोटीवर जाळं ओढता येत नाही" ही निव्वळ सबब आहे. बाईचं पोट उघडण्यापेक्षा हे काम कितीतरी लहान. त्याच दिवशी माणूस घरी जातो. मात्र त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ती तपासणी न करताच मोकळे झालात आणि घरात पुन्हा पाळणा हलला, तर बायकोवर संशय घेऊ नका.