वेगाची वही

(उत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आपण कीर्तने ऐकली, आरोग्यावरची व्याख्याने ऐकली. मी बोलणार आहे घरच्या ब्रॉडबँडच्या वेगावर. विषय ऐकून मागच्या रांगेत कोणीतरी हसले, ते मला दिसले. पण "आज नेट फार हळू आहे" हे वाक्य ज्यांच्या घरी महिन्यात एकदाही ऐकू आले नाही, त्यांनी हात वर करावा. कोणी केला नाही. म्हणजे विषय सर्वांचाच आहे.

आमचे घर ब्रह्माघाटाजवळच्या गल्लीत. सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचे काम २०२० पासून घरूनच करतात. त्यांच्या परदेशातल्या लोकांशी बैठका आपल्याकडच्या रात्री साडेआठ-नऊला असतात आणि नेमके तेव्हाच चित्र थिजायचे, आवाज तुटायचा. कंपनीने दोनदा सौम्यपणे आणि तिसऱ्यांदा स्पष्टच सांगितले की जोडणी सुधारा, नाहीतर पुण्याला या. आमचे वडील, नाना, एक्याऐंशीचे. ते काशी सोडणार नाहीत आणि त्यांना सोडून आम्ही जाणार नाही. म्हणजे एका तारेवर सगळे घर टांगलेले होते.

तक्रार केली की माणूस यायचा, पण सकाळी अकराला. मोबाइलवर वेग मोजायचा, आकडा उत्तम. "साहेब, सब ठीक है," म्हणून सही घेऊन जायचा. तो खोटे बोलत नव्हता, अकराला खरोखरच सगळे ठीक असायचे.

यावर उपाय सुचवला नानांनी. पावसाळ्यात गंगेची पातळी ते वर्तमानपत्रातून रोज वहीत उतरवतात. राजघाटाला धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, इशाऱ्याची ७०.२६२, हे आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. पण पाणी आज किती आहे एवढ्यावर कोणी सामान वरच्या मजल्यावर हलवत नाही. काल किती होते, तासाला किती सेंटीमीटर वाढते आहे, हे पाहूनच हलवतो. नाना म्हणाले, "तुमच्या नेटचंही तसंच लिहा की! एका आकड्यावर काय भांडता?"

मग वही घातली. रकाने असे: तारीख, वेळ, उतरणारा वेग, चढणारा वेग, पिंग, तारेवर की वाय-फायवर, आणि शेरा. दिवसातून चार वेळा, म्हणजे सकाळी सहा, अकरा, दुपारी चार आणि रात्री नऊ. प्रत्येक वेळी चाचणीचा सर्व्हर तोच, लॅपटॉप तोच, आणि त्या दोन मिनिटांत घरात दुसरे कोणी नेट वापरायचे नाही. (हा शेवटचा नियम नातवंडांकडून पाळून घेणे सर्वांत कठीण गेले.) ज्यांना संगणकाची आवड आहे, त्यांना एक छोटी आज्ञावली लिहून ही चाचणी आपोआप चालवता येते. मात्र ज्यांच्या योजनेत महिन्याला डेटाची मर्यादा आहे, त्यांनी जपावे. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर दहा-पंधरा सेकंदांची एक चाचणी सव्वाशे ते दोनशे मेगाबाइट खाते. दिवसाला चार म्हटल्या तरी महिन्याला वीस जीबीच्या आसपास जातात.

इथे एक गैरसमज दूर करतो. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून शंभरच्या जोडणीवर फाइल उतरताना सेकंदाला साडेबाराच दिसते, ती फसवणूक नाही. पिंग म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इथून मुंबईपर्यंतची तार दीड हजार किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन किमान पंधरा मिलिसेकंद लागणारच. बोलण्याच्या बैठकीला फार मोठा वेग लागत नाही, पण ही पिंग स्थिर लागते.

तीन महिन्यांनी वही उघडून बसलो, तेव्हा दोन वेगळी दुखणी दिसली. पहिले, तारेवर सकाळी वेग नव्वदच्या खाली क्वचितच, पण रात्री नऊला बहुतेक दिवस वीसच्याही आत, आणि पिंग वीसची दीडशेवर. दुसरे, वरच्या मजल्यावर वाय-फायवर सकाळीसुद्धा रड होती. त्यात कंपनीचा काही दोष नाही. आपल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती दोन-दोन हात जाड. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे ती लवकर हात टेकते. वर स्वतंत्र तार नेली आणि तो प्रश्न तिथेच मिटला. दोन्ही आकडे एकाच रकान्यात लिहिले असते, तर हे कधीच वेगळे झाले नसते.

रात्रीचे दुखणे मात्र बाहेरचे होते. आता बहुतेक घरांत येणारा तंतू सामायिक असतो. जीपॉन पद्धतीत एका मुख्य तंतूवरचे अडीच गिगाबिट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात, आणि पुढे कंपनीची मोहल्ल्यापासूनची मोठी वाहिनीही सगळ्यांची मिळूनच असते. रात्री नऊला सगळी गल्ली सिनेमा पाहायला बसते. अमेरिकेत २०११ पासून स्वयंसेवकांच्या घरी छोटी यंत्रे बसवून सरकारतर्फे असेच मोजमाप होते. तिथेही संध्याकाळी सात ते रात्री अकरा हाच गर्दीचा काळ मानला आहे. म्हणजे काशी आणि कॅलिफोर्निया यांत या बाबतीत फरक नाही.

शेऱ्याच्या रकान्यात मात्र काशीच काशी आहे. "वानर" हा शब्द तीन महिन्यांत पाच वेळा आला आहे. हसू नका. २०१५ च्या एप्रिलमध्ये रॉयटर्सने जगभर बातमी दिली होती की काशीच्या घाटांवर वाय-फायसाठी टाकलेले तंतू दोन महिन्यांच्या आतच माकडांनी कुरतडले आणि ते बदलावे लागले. देवदीपावलीच्या रात्रीचा शेरा असा: मोबाइल ठप्प, तारेवर वेग नेहमीसारखा. गर्दी घाटावर असली की घरातली तार मोकळी!

नियमांचेही थोडे सांगतो. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ते ५१२ झाले आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ही कायद्याची किमान पायरी आहे. तुमच्या योजनेतल्या शंभराशी तिचा संबंध नाही. तिथे जाहिरातीतला "पर्यंत" हा शब्द नीट वाचावा. ट्रायच्या २००६ च्या नियमांत घेतलेल्या वेगाच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वेग कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत मिळावा, असा मापदंड होता. २०२४ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे आले.

याच काशीत पुण्याचे बापूदेव शास्त्री, मूळचे परांजपे, एकोणिसाव्या शतकात संस्कृत पाठशाळेत ज्योतिष-गणित शिकवत. पंचांगातला ग्रह आकाशातल्या ग्रहाशी जुळला पाहिजे, या पक्षाचे ते होते. योजनेचा कागद हे पंचांग समजा, आणि रात्री नऊचा आकडा हे आकाश.

वहीच्या पानांच्या प्रती जोडून लेखी तक्रार दिली, तोंडी नाही. तक्रार क्रमांक वहीतच लिहिला. या वेळी कार्यालयातून अभियंता आला, आणि तो रात्री पावणेनऊला आला, कारण वेळ वहीतच लिहिलेली होती. त्याने अर्धा तास पाने उलटली आणि म्हणाला, "यह तो पूरे मोहल्ले की लाइन भरी है." दोन आठवड्यांनी गल्लीतली काही घरे दुसऱ्या वाहिनीवर हलवली. आता नऊला साठ-सत्तर मिळतात, पिंग तिसाच्या आत. शंभर मिळत नाहीत, हेही सांगायला हवे. सूनबाईंच्या बैठका सुरळीत चालतात आणि पुण्याचा विषय सध्या तरी निघालेला नाही.

शेजारच्या चार घरांनी वह्या घातल्या आहेत. दुर्गाघाटाकडच्या दोन घरांची जोडणी वेगळ्या कंपनीची आहे, त्यामुळे दिवाळीनंतर तुलना करता येईल. रकाने आखलेला कागद नानांनी स्वतःच्या अक्षरात तयार केला आहे. त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी जाताना घ्याव्यात.