चिठ्ठीवरचं लॅटिन



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक पाहुणी आली होती. गटातल्या एका आजींची नात. जन्मली अमेरिकेत, तिथंच दहावीत शिकते. सुट्टीत आली होती. घरी एकटी बसून काय करणार, म्हणून आजी तिला घेऊन आल्या. मुलगी धीट, पण मराठी अडखळत बोलायची. "मी येतो" म्हणायची, आणि बायका हसल्या की "येते, येते" असं स्वतःच दुरुस्त करायची.

आम्ही विचारलं, शाळेत काय काय शिकतेस गं? तिनं गणित सांगितलं, विज्ञान सांगितलं आणि मग म्हणाली, लॅटिन आणि स्पॅनिश.

झालं! आजींचा इतके दिवस दाबलेला राग बाहेर आला. "दोन-दोन परक्या भाषा शिकते, आणि माझ्याशी फोनवर चार वाक्यं धड बोलता येत नाहीत. मराठीनं काय घोडं मारलं होतं?" पोरगी गप्प झाली. आम्हालाही काय बोलावं कळेना.

मग तिनं तिच्या परीनं समजावलं. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, चार वर्षं. बऱ्याच कॉलेजांना प्रवेशासाठी निदान दोन वर्षं एखादी परकी भाषा शिकलेली लागते. तिथल्या शाळांत सगळ्यात जास्त मुलं स्पॅनिश घेतात, कारण चार कोटींहून जास्त लोक त्या देशात घरी स्पॅनिशच बोलतात. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये ती कानावर पडते. स्पॅनिशच्या वर्गात बोलावं लागतं, चुकत-माकत का होईना. मोठ्या माणसाला "तू" म्हटलं की बाई टोकतात. त्यांच्यात "तू"ला "तू"च म्हणतात आणि मान द्यायचा तर "उस्तेद". हे ऐकून आजींचा राग जरासा उतरला. मोठ्यांना मान देतात म्हणजे भाषा बरी असावी.

लॅटिनचं मात्र उलटं. ती आज कुणाच्याच घरात बोलत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या राज्यात बोलत. वर्गात मुलं कमी, बोलणं जवळजवळ नाही, नुसतं वाचायचं आणि अर्थ लावायचा. शब्दाला सहा विभक्त्या. ज्यांनी शाळेत "रामः रामौ रामाः" घोकलं असेल त्यांना तिचं दुःख कळेल. "मग बोलणार कुणाशी?" आजींनी विचारलं. "कुणाशीच नाही," ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

खरं तर लॅटिन आपल्याकडेही फार लांब नव्हती. वसईकडच्या वयस्कर ख्रिस्ती आजींना विचारा. त्यांच्या लहानपणी चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. 1960 च्या दशकात व्हॅटिकनची मोठी परिषद झाली आणि मगच ती मराठीत होऊ लागली.

तर ती मुलगी म्हणाली, लॅटिन म्हणजे स्पॅनिशची आई. पाण्याला लॅटिनमध्ये आक्वा, स्पॅनिशमध्ये आग्वा. आईला एकीकडे मातेर, दुसरीकडे माद्रे. मातेर ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, अगं, हे तर आपलं मातृ! मग तिनं आकडे म्हणून दाखवले: सेप्तेम, ऑक्टो, नोव्हेम, देकेम. सप्त, अष्ट, नव, दश. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावं त्याच आकड्यांवरून पडली. सप्टेंबर नववा असून त्याचं नाव सातवा कसं? तर रोमन लोकांचं वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं. आपला पाडवाही त्याच सुमारास येतो बघा. 1786 साली कलकत्त्यातल्या विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशांनी भाषणात सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून आल्या असाव्यात. "म्हणजे लॅटिन आपली मावशी," आजींनी निकाल दिला, "आणि स्पॅनिश मावसबहीण."

मग आमच्या रजिस्टरातले शब्द निघाले. कोरम लॅटिन, अजेंडा लॅटिन. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी. ऑडिट म्हणजे ऐकणं, कारण जुन्या काळी हिशेब मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तपासणारा ऐकायचा. आमच्यात ज्यांना वाचता येत नाही त्या हिशेब असाच ऐकून तपासतात, आणि चूक त्यांनाच आधी सापडते. क्रेडिटचा मूळ अर्थ विश्वास ठेवणं. आपला श्रद्धा हा शब्द त्याच मुळातला. बँकेच्या खिडकीपुढे उभं असताना हे पटणं जरा अवघड आहे, पण ते असो.

इथवर सगळी गंमत चालली होती. मग एकीनं पिशवीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि म्हणाली, ही वाच बरं, हेही इंग्रजी नाही म्हणतात. मुलीनं चिठ्ठी बघितली आणि तिचा चेहरा फुलला. हे तिला वर्गात शिकवलेलं होतं. चिठ्ठीच्या वर आर काढून तिरकी रेघ मारलेली असते ना, ते रेकिपे, म्हणजे "घे". ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा. बी.डी. म्हणजे बिस इन दिए, दिवसातून दोनदा. टी.डी.एस. म्हणजे दिवसातून तीनदा. आमच्या कोषाध्यक्ष ताई म्हणाल्या, मला वाटलं औषधावर पण कर कापतात. ए.सी. असेल तर जेवणाआधी, पी.सी. असेल तर जेवणानंतर. एच.एस. म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी. पंचांगातला होरा आणि हा होरा एकच, दोन्ही ग्रीकांकडून आलेले.

आणि एस.ओ.एस. म्हणजे सी ओपुस सित. "गरज असेल तरच."

बैठकीत एकदम शांतता पसरली. मुलीला कळेना, आपलं काय चुकलं.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीला गुडघेदुखीवर गोळी लिहून दिली होती. गोळीपुढे एस.ओ.एस. लिहिलेलं. आम्हाला वाटलं, तातडीचं औषध, चुकवायचं नाही. ती दोन महिने रोज तीन गोळ्या घेत राहिली. पोटात आग व्हायची, तर म्हणायची मसाल्यानं होतंय. शेवटी शौचाला काळं व्हायला लागलं, चक्कर येऊन पडली, दवाखान्यात ठेवावं लागलं. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखम झाली होती. ती चिठ्ठी आमच्यातल्या तिघींच्या हातातून गेली होती. त्यातल्या दोघी पदवीधर. औषधासाठी गटातून कर्जही आम्हीच मंजूर केलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं नाही, औषधवाल्यानं सांगितलं नाही, हे खरं. पण आम्हीही विचारलं नाही. न कळणारं अक्षर दिसलं की आपण मान डोलावून बाहेर पडतो, आम्हीही तेच केलं.

त्या दिवशी ती बाई बैठकीत बसलेली होती. म्हणाली, "दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा माझ्या गोळीवर कशाला लिहायची?" बरोबर आहे तिचं. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं, असा नियम 2016 साली झालेला आहे. कधी घ्यायची तेही मराठीत लिहून द्या म्हणायला काय हरकत आहे? काही डॉक्टर सकाळ, दुपार, रात्र या क्रमानं 1-0-1 असं लिहितात. ते तर न शिकलेलीलाही समजतं.

ती सगळी अक्षरं आम्ही मराठी अर्थासकट मोठ्या कागदावर लिहिली. गावातल्या आशाताईंना दाखवून तपासून घेतली आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर चिकटवली. त्याखाली लिहिलंय: औषधवाल्याकडून निघण्याआधी प्रत्येक गोळी हातात धरून विचारायचं, ही किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, रोज की दुखलं तरच. कागद वाचून स्वतःच्या मनानं गोळी सुरू करायची नाही की बंदही करायची नाही. तो कागद फक्त विचारायची आठवण राहावी म्हणून आहे.

मुलगी परत गेली. आता दर रविवारी ती आजींना फोनवर एक पान मराठी वाचून दाखवते. तिकडच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत पण जाते म्हणे. आजी तिची चूक काढतात, मग ती आजींना एक स्पॅनिश शब्द शिकवते.

परवा बैठकीत चहा दिला तर आजी म्हणाल्या, "ग्रासियास." शेजारची म्हणाली, "साखर कमी झाली का हो?"