एका तळ्याचा चित्रकार



निसर्गचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवी वनराई, वाहती नदी आणि एखादे कौलारू घर उभे राहते. ज्या भूमीत यांतले फारसे काहीच नाही, तेथे चित्रकाराने काय रंगवावे? अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटाने हा प्रश्न तेथील चित्रकारांपुढे टाकला. टॉमस मोरान १८७३ मध्ये कोलोरॅडो नदीच्या महादरीवर गेला, रेखाटने घेऊन परतला आणि त्यांवरून त्याने भिंतभर चित्र रंगविले. अमेरिकेच्या काँग्रेसने ते १०,००० डॉलर देऊन घेतले. चित्र भव्य खरे, परंतु ते पाहुण्याचे चित्र आहे. जॉर्जिया ओकीफ ही चित्रकर्ती १९२९ पासून न्यू मेक्सिकोत जाऊ लागली आणि १९४९ मध्ये तेथेच राहावयास गेली. घरातून दिसणारा सपाट माथ्याचा पेडर्नल डोंगर तिने कितीदा रंगविला! १९८६ मध्ये ती वारली, तेव्हा तिची रक्षाही त्याच डोंगरावरून विखुरण्यात आली.

सुरतकरांना जवळचे नाव बडोद्याच्या ना. श्री. बेंद्रे यांचे. पण तरुणपणीचे बेंद्रे हे देशभर हिंडून निसर्ग टिपणारे. ओकीफसारखे एका जागी मुक्काम ठोकणारे आपल्याकडे कोण, असे विचारल्यास कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडेच वळावे लागते.

आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. मुंबईत राहते तर धनिकांची व्यक्तिचित्रे करून नाव आणि पैसा दोन्ही मिळविते. ते कोल्हापूरला परतले. शाहू छत्रपतींनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. मन मात्र रमले ते कोटितीर्थाच्या काठी. एकीकडे पाण्यासाठी तहानलेला मुलूख, दुसरीकडे भरलेले तळे. तरी दोघांची साधना एकच. तळे तेच, झाडे तीच; पण पहाटेचे धुके विरत असतानाचे पाणी वेगळे, कलत्या उन्हातले वेगळे. बदलत्या प्रकाशाचा हा हिशेब ठेवावयाचा तर माणसाने तेथेच राहिले पाहिजे.

आबालाल १९३१ मध्ये गेले. ओकीफच्या नावाने सांता फे येथे १९९७ मध्ये स्वतंत्र संग्रहालय उघडले. आबालालांनी अपार काम केले, पण त्यांतले थोडेच आपल्या हाती उरले. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात त्यांची काही चित्रे आहेत. महालक्ष्मीच्या दर्शनाला जाणाऱ्या सुरतकरांनी अर्धा तास तेथेही काढावा.