वरातीची गाडी आणि गटाचं कर्ज

लग्नसराई जवळ आली की पनवेल तालुक्यातल्या आपल्या गटांत कर्जाच्या मागण्या वाढतात. मंडपाचं सामान, भांडी, बँजोची वाद्यं. त्यात आता एक नवी मागणी येते. मुलाला जुनी मोटार घ्यायची आहे, छप्पर कापून तिची दोन दारांची ऐटदार गाडी करायची आहे आणि वरातीला भाड्यानं द्यायची आहे. पैसे गटाचे आहेत, म्हणून आज या गाडीविषयी बोलू.

दोन दारांच्या, मागं उतरत्या छपराच्या गाडीला कूपे म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'कापलेली'. मोठ्या घोडागाडीतली एक बैठक कमी करून दोघांपुरती बग्गी केली, तिचं हे नाव. ती मुळातच तशी बांधलेली असे. आपल्याकडे कापाकापी होते ती चार दारांच्या गाडीवर.

तुम्ही शिवणकाम करता, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल. ब्लाउजला आत माया असेल तर तो उसवून बदलता येतो. मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीला अशी माया होती. खाली वेगळी चासी, वर बोल्टांनी बसवलेली बॉडी. म्हणून विलायतेत त्याच चासीवर बंद गाडी, कूपे आणि उघडी गाडी असे तिन्ही प्रकार निघाले. आपल्या कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला वेगळी चासी नाही. तळ, खांब, छप्पर सगळं एकत्र जोडलेलं, भार सगळ्यांनी मिळून पेललेला. छप्पर कापलं की तळ लवतो, दारं नीट लागत नाहीत. खालून जाड लोखंड जोडून आधार दिला नाही, तर अपघातात नवरदेव आणि करवल्या कुणाच्या भरवशावर?

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात जी माहिती आहे, ती कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी जुळली पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. रंग बदलता येतो, पण त्याचीही बुकात नोंद लागते. परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी आडवी येते, ते वेगळंच.

"पण ही तर विंटेज गाडी," असं मुलं सांगतात. त्याचेही नियम २०२१ मध्ये आले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात. आणि मुख्य गोष्ट, अशी गाडी धंद्यासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणजे कापली तर विंटेज नाही, आणि विंटेज असली तर भाडं नाही!

गाडी बघायला जाल तेव्हा फ्रीजवरचं चुंबक बरोबर न्या. पत्र्याला ते चिकटतं, जाड पुट्टीला किंवा फायबरला नाही. बोटानं ठोकून बघा. मडकं घेताना आपण आवाज ऐकतोच की. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, उमटलेला नंबर बुकातल्या नंबराशी ताडून बघा.

आमचा विरोध कारागिरीला नाही. गंजलेला पत्रा काढून हातोडीनं मूळ गोलाई परत आणणारा मुलगा साधा नव्हे. मूळ रूप हवं असल्यामुळेच जुन्या गाड्यांच्या शौकिनांना असे हात लागतात. त्याला वेल्डिंग मशिन, कॉम्प्रेसर, रंगकामाचा चांगला मास्क यासाठी कर्ज मागा, आम्ही सभेत बाजू मांडू. मास्क मात्र यादीतून गाळू नका. पुट्टीची धूळ आणि रंगाचा फवारा छातीत बसतो.

गाडीसाठीच अर्ज असेल तर आरसी बुकाची झेरॉक्स, विम्याचा कागद, भाड्याचा परवाना आणि बदलाला आरटीओची लेखी मंजुरी, हे सगळं सभेच्या आधी सचिवताईंकडे द्या.