द्राक्षवेल आणि तिच्या पायाशी वाढणारे तण



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. व्याख्यान देण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु माझे माहेर निफाड तालुक्यातले, लहानपण द्राक्षबागेत खुरपे धरून गेले. आपल्या इंदिरानगरातही पुष्कळ घरांचे माहेर नाही तर सासर बागाईतदारांचे आहे. म्हणून चिटणीसबाईंच्या आग्रहाखातर चार शब्द बोलते.

बागेतले तण म्हणजे हराळी, लव्हाळा, घोळ, गाजरगवत. ठिबकाच्या नळीखाली जिथे ओल, तिथेच वेलीची बारीक मुळे आणि तिथेच तणही माजते. ते पाणी आणि खत तर खातेच, पण दाट गवतात हवा कोंडते व पिठ्या ढेकूण दडून बसतो. एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, की नव्या फुटीला हा वाटेकरी फार जाचतो. तेव्हा तण काढायचे हे नक्की. प्रश्न आहे तो कसे काढायचे याचा.

खुरप्याने वेलीला इजा कमी, पण मजुरी फार, आणि कंबर मोडते ती बायकांची. शिवाय लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहतात त्या राहतातच. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरने काम झटपट होते. पण तो खोडाजवळ नेला तर वरच्या थरातली मुळे तुटतात, खोडाला जखम होते, आणि हराळीचे जितके तुकडे होतील तितक्या नव्या हराळ्या उगवतात!

आता तणनाशक. ग्लायफोसेट पानांतून मुळापर्यंत उतरते. त्याला गवत कोणते आणि वेल कोणती हे कळत नाही. खोडाच्या तळाशी फुटलेल्या कोवळ्या फुटव्यावर किंवा नव्या लागणीच्या हिरव्या सालीवर ते पडले, की पुढे पाने बारीक, पिवळट, आखडलेली येतात. भारतात ते चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा यांसाठी मंजूर झालेले औषध; 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांच्या हातूनच वापरावे असा आदेशही काढला.

त्याहून फसवे टू-फोर-डी. ते गव्हात नि उसात मारतात. गहू-ऊस गवताच्या जातीचे, त्यांना ते सोसते. रुंद पानाची द्राक्षवेल मात्र त्याच्या नुसत्या तुषाराने आजारी पडते. माझ्या भावाच्या शेजारच्या गव्हात एका डिसेंबरात वारा असताना फवारणी झाली. आमची बाग तेव्हा फुलोऱ्यात होती. थोड्याच दिवसांत बांधाकडच्या ओळींची पाने पंख्यासारखी चुणली, कडांना लांब दाते आले, शेंडे वाकले, आणि घडांत मणी नीट धरले नाहीत. शेजारीण पाने पाहायला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. गव्हाला काही झाले नाही, मग हे कशाने, हेच तिला उमगेना. भांडण झाले नाही, पण त्या ओळींचा वर्षाचा पैसा गेला तो गेलाच.

पॅराक्वाट नावाचेही एक तणनाशक आहे. ते पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. कुठलेही औषध सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवू देऊ नका. मुलाबाळांच्या घरात ही गोष्ट मी बागेहून मोठी समजते.

मला पसंत पडलेली रीत सांगते. बोदावर उसाच्या पाचटाचा चांगला जाड थर द्यावा, खोडाला मात्र तो चिकटू देऊ नये. उजेड न मिळाल्याने बरेचसे तण उगवतच नाही आणि ओलही टिकते. उंदीर होतात ही तक्रार खरी, त्यावर नजर ठेवावी लागते. लव्हाळा पाचटातूनही डोके काढतो, तो हातानेच उपटावा. दोन ओळींमध्ये पावसाळ्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येण्याच्या सुमारास कापून तिथेच पसरावा.

पंपाचे एक राहिले. टू-फोर-डीचा पंप धुतला तरी नळीत अंश राहतो, आणि तोच पंप बागेत आला की घात. भावजयीने गव्हाचा पंप आता निराळा केला आहे, त्याला तांबडा रंग दिला आहे, आणि त्या खोलीची किल्ली तिच्याच कमरेला असते.